एएम रेडिओ: बेरजेने जे होत नाही, ते गुणाकाराने कसे होते

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे एएम रेडिओ पुन्हा चर्चेत आला आहे. काही कंपन्यांनी आपल्या नव्या विद्युत गाड्यांमधून एएम काढून टाकला. अमेरिकेत तर प्रत्येक नव्या गाडीत एएम रेडिओ असलाच पाहिजे, असे विधेयक २०२३ साली तिथल्या संसदेत मांडले गेले. कंपन्या कारण सांगतात ते असे, की गाडीच्या मोटरच्या विद्युत गोंगाटामुळे एएमवर खरखर येते. हे वाचून अनेकांना प्रश्न पडतो: त्याच गाडीत एफएम स्वच्छ ऐकू येतो, मग एएमचेच घोडे कुठे अडते?

उत्तर दोन वाक्यांत देता येईल. पण ती दोन वाक्ये पटायची तर आवाज रेडिओलहरीत शिरतो कसा आणि पलीकडे बाहेर निघतो कसा, हे आधी कळायला हवे. नेमके इथेच आपल्याला थातूरमातूर उत्तर मिळते. ‘आवाज वाहक लहरीवर बसतो’, ‘लहर त्याला पाठीवर घेऊन जाते’ अशी वाक्ये शाळेपासून कानावर पडतात. मलाही ती बरीच वर्षे पटली होती. त्यांतून डोळ्यासमोर चित्र उभे राहते ते बेरजेचे: एक लहर खाली, दुसरी तिच्यावर. एएममध्ये बेरीज होत नाही, गुणाकार होतो. हा फरक एकदा लक्षात आला की बाकीचे सगळे, अगदी गाडीतली खरखरसुद्धा, त्यातूनच उलगडत जाते.

आवाज जसाच्या तसा का पाठवत नाहीत?

आवाज म्हणजे हवेच्या दाबाची कंपने. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपने ऐकू येतात. सेकंदाला किती कंपने होतात, या आकड्याला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. मायक्रोफोन या कंपनांची विजेत नक्कल करतो. मग ही वीज सरळ अँटेनात का सोडू नये?

अडचण लांबीची आहे. रेडिओलहर सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जाते. सेकंदाला १,००० कंपने असतील, तर एकेका कंपनाच्या वाट्याला ३०० किलोमीटर येतात. ही झाली तरंगलांबी. अँटेनाने लहर नीट बाहेर फेकावी यासाठी त्याची उंची तरंगलांबीच्या पावपट तरी असावी लागते, म्हणजे इथे ७५ किलोमीटर. हेच कंपन १,००० किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला दहा लाख वेळा होणारे असेल, तर तरंगलांबी ३०० मीटरवर येते आणि पावपट होते ७५ मीटर. एवढा मनोरा उभारता येतो. मध्यम लहरींच्या, म्हणजे एएम रेडिओच्या नेहमीच्या पट्ट्यातल्या, प्रक्षेपण केंद्रांत दिसणारा उंच मनोरा हा अँटेना टांगायचा खांब आहे असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा तो आख्खा मनोराच अँटेना असतो आणि चिनी मातीच्या विद्युतरोधकावर तोलून उभा केलेला असतो.

दुसरी अडचण गर्दीची. सगळ्यांचे आवाज साधारण एकाच पट्ट्यातले असतात. सगळी केंद्रे ते तसेच सोडू लागली, तर सगळ्यांची खिचडी होईल आणि कुणाचा आवाज कुठला हे निवडण्याची सोय उरणार नाही. म्हणून प्रत्येक केंद्राला एकेक ठरलेली उंच वारंवारता दिलेली असते. त्या वारंवारतेची एकसारखी, न थांबणारी लहर केंद्र सोडत राहते. तिला वाहक लहर म्हणतात.

एकसारखी लहर काहीच सांगत नाही

रात्री समोरच्या टेकडीवर एक दिवा अखंड जळतो आहे असे समजा. तो एकसारखा जळत राहिला तर त्यातून एवढेच कळते की तिथे कुणीतरी आहे. आता पलीकडचा माणूस दिव्याची वात कमीजास्त करू लागला, तर त्या चढउतारातून निरोप जाऊ शकतो. प्रकाशाचा रंग तोच राहिला, बदलली ती फक्त प्रखरता.

एएममध्ये हेच होते. वाहक लहरीची वारंवारता जागची हलत नाही, लहरीची उंची तेवढी आवाजाबरहुकूम कमीजास्त होते. या उंचीला ॲम्प्लिट्यूड म्हणतात, शाळेच्या पुस्तकात आयाम. वाहक लहरीचा एखादा गुण आवाजाप्रमाणे बदलणे म्हणजे मॉड्युलेशन. ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशनचे लघुरूप एएम. पलीकडे त्या बदलातून आवाज पुन्हा वेगळा काढणे म्हणजे डिमॉड्युलेशन. शब्दांची ओळख एवढी पुरे.

बेरीज केली तर काय बिघडते?

समजा, १,००० किलोहर्ट्झची वाहक लहर आहे आणि आवाज म्हणून २ किलोहर्ट्झची एक साधी शीळ आहे. दोन्ही एकाच तारेत सोडल्या आणि त्यांची बेरीज झाली. तारेत आता दोन्ही लहरी आहेत, पण एकमेकींशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ही बेरीज ७५ मीटरच्या मनोऱ्याला दिली तर तो १,००० किलोहर्ट्झ बाहेर फेकेल आणि २ किलोहर्ट्झ तिथेच विरून जाईल. पलीकडे कोरी वाहक लहर पोहोचेल. ‘पाठीवर बसलेला’ आवाज मनोऱ्यापाशीच खाली पडलेला असेल.

आता गुणाकार करू. वाहक लहरीची उंची १० माना. आवाज वरखाली होताना त्याचे मूल्य +०.५ आणि −०.५ यांच्यामध्ये फिरते असे धरा. या मूल्यात १ मिळवायचा आणि येईल त्या संख्येने लहरीच्या उंचीला गुणायचे. आवाज शून्यावर असताना गुणक १, उंची १०. आवाज वरच्या टोकाला असताना गुणक १.५, उंची १५. खालच्या टोकाला गुणक ०.५, उंची ५. लहर अजूनही सेकंदाला दहा लाख वेळाच वरखाली होते आहे, पण तिची शिखरे जोडत गेलात तर जी बाह्यरेषा मिळते ती हुबेहूब शिळेची आहे.

तो १ का मिळवायचा, असा प्रश्न इथे यायलाच हवा. आवाज शून्याच्या वरही जातो आणि खालीही. नुसत्या आवाजाने गुणले तर गुणक अर्धा वेळ ऋण होईल. ऋण गुणक म्हणजे लहर उलटी होणे, आणि शिखरांची बाह्यरेषा पाहणाऱ्याला उलटी लहर ओळखता येत नाही. १ मिळवल्याने गुणक शून्याच्या वर राहतो. आवाज त्या १च्या किती भाग हलतो, याला मॉड्युलेशनची खोली म्हणतात. वरच्या उदाहरणात ती ५० टक्के आहे. १०० टक्क्यांना उंची खाली शून्याला टेकते. त्याच्याही पुढे गेलात की बाह्यरेषा आवाजासारखी राहत नाही आणि आवाज फाटतो. प्रक्षेपण केंद्रातले अभियंते ही मर्यादा डोळ्यांत तेल घालून सांभाळतात ती म्हणूनच.

आणि हा गुणाकार यंत्र करते कसे? एक जुनी, सरळ रीत अशी: प्रक्षेपकाच्या शेवटच्या ॲम्प्लिफायरला जो वीजपुरवठा होतो, त्याचाच दाब आवाजाप्रमाणे कमीजास्त करायचा. पुरवठा दीडपट झाला की बाहेर पडणारी लहर दीडपट उंच, निम्मा झाला की निम्मी.

एका लहरीच्या तीन लहरी होतात

आता या विषयातला सर्वात सुंदर भाग. उंची बदलणारी १,००० किलोहर्ट्झची लहर वारंवारता मोजणाऱ्या यंत्राला दाखवली, तर पडद्यावर एक नाही, तीन रेषा उमटतात: ९९८, १,००० आणि १,००२ किलोहर्ट्झ. मधली वाहक लहर. दोन्ही बाजूंच्या नव्या लहरी तिच्यापासून बरोबर शिळेच्या वारंवारतेइतक्या, म्हणजे २ किलोहर्ट्झ अंतरावर. गुणाकारानेच त्यांना जन्म दिला. बेरजेतून नवी वारंवारता कधीच निघत नाही.

ज्यांनी तंतुवाद्याच्या तारा जुळवल्या आहेत त्यांना हे कानाने ठाऊक आहे. दोन तारा जवळजवळ सुरात आल्या की आवाज ‘वाँव-वाँव’ असा फुगतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. दोन्ही तारा एकसारख्याच वाजत असतात. फुगणे-ओसरणे येते ते त्यांच्या वारंवारतेतल्या लहानशा फरकातून. एएम म्हणजे हाच प्रकार तीन सुरांचा.

आपल्या आकड्यांवर ताडून पाहा. ५० टक्के खोलीला मधल्या लहरीची उंची १० आणि बाजूच्या दोघींची प्रत्येकी २.५ असते. एखाद्या क्षणी तिघींची शिखरे एकत्र आली तर उंची होते १० + २.५ + २.५, म्हणजे १५. त्यानंतर १,००२ची लहर मधलीच्या पुढे सरकते, ९९८ची तितकीच मागे पडते. सेकंदाच्या आठ हजाराव्या भागानंतर त्या दोघी एकमेकींच्या नेमक्या उलट होतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. उरते १०. आणखी तेवढ्याच वेळाने दोघी मिळून मधलीच्या विरुद्ध होतात: १० उणे ५, म्हणजे ५. मघाशी गुणाकाराने आलेले तेच १५, १० आणि ५. बदलत्या उंचीची एक लहर म्हणा किंवा ठरलेल्या उंचीच्या तीन लहरी म्हणा, वस्तू एकच.

बाजूच्या या लहरींना साइडबँड म्हणतात. खऱ्या बोलण्यात एक शीळ नसते, शेकडो वारंवारता मिसळलेल्या असतात. त्यामुळे दोन रेषांच्या जागी वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना दोन पट्टे पसरतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यासारखे.

साइडबँड खरेच असतात, की नुसते गणित?

हा आक्षेप तुमच्या मनात आला असेल तर तो मोठमोठ्यांच्याही मनात आला होता. रेडिओत वापरली जाणारी पहिली निर्वात नळी, म्हणजे डायोड, १९०४ साली करणारे जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९३० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतून असेच मांडले होते की हे पट्टे म्हणजे गणितातली कल्पना आहे, निसर्गात तसे काही नसते. मला हा प्रसंग मोलाचा वाटतो, कारण विषयाचा पाया घालणाऱ्यालाही ही गोष्ट सहज पचली नव्हती.

पण पुरावा तोवर कामाला लागलेला होता. जॉन कार्सन या अमेरिकी अभियंत्याने गणितातून ताडले की दोन्ही पट्ट्यांत एकच माहिती आहे आणि वाहक लहरीत तर काहीच नाही, तेव्हा एकच पट्टा पाठवला तरी काम भागावे. त्याने १९१५ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. जानेवारी १९२७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यामध्ये रेडिओवरून सुरू झालेली दूरध्वनी सेवा याच रीतीने चालत होती: वाहक लहर गाळलेली, एक पट्टा गाळलेला, उरलेल्या एका पट्ट्यावर अटलांटिकपलीकडे संभाषण. जी वस्तू गाळून वेगळी काढता येते आणि एकटी समुद्रापार धाडता येते, तिला कल्पना म्हणणे अवघड आहे.

मग एएमचा आवाज दबका का येतो?

पुष्कळांचा समज आहे की उंची बदलण्याची रीतच निकृष्ट, म्हणून एएमचा आवाज कोंदट. तसे नाही. कारण जागेचे आहे. आवाजात जितकी उंच वारंवारता, तितके साइडबँड बाहेर पसरणार. १० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवायचा तर दोन्ही बाजू मिळून २० किलोहर्ट्झ जागा लागते.

युरोप, आशिया आणि आफ्रिकेत मध्यम लहरींच्या पट्ट्यात केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, ५३१पासून १,६०२ किलोहर्ट्झपर्यंत. हे सगळे आकडे ९ने भागले जातात. कोणत्याही केंद्राच्या आकड्यातले अंक मिळवून पाहा: ५ + ३ + १ म्हणजे ९, आणि १ + ६ + ० + २ म्हणजेही ९. अमेरिका खंडांत हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे. ९ किलोहर्ट्झच्या खणात शेजाऱ्याला धक्का न लावता बसायचे तर आवाजाला साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास थांबावे लागते. बोलणे समजायला तेवढे भरपूर झाले. टेलिफोन तर वर्षानुवर्षे ३०० ते ३,४०० हर्ट्झवरच चालला. झांजेचा झणत्कार किंवा बासरीतली हवा मात्र त्या खणाबाहेर राहते.

पलीकडे आवाज बाहेर कसा निघतो?

आता रेडिओच्या बाजूने पाहू. अँटेनात वरखाली होणारी लहर आली. ती सरळ इअरफोनला दिली तर काय ऐकू येईल? काहीही नाही. इअरफोनचा पडदा सेकंदाला दहा लाख वेळा हलू शकत नाही, तो फक्त सरासरी जाणतो. आणि लहर जितकी वर जाते तितकीच खाली येत असल्याने सरासरी कायम शून्य. उंची १५ असो की ५, वरचा भाग खालच्या भागाने पुसला जातो.

उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा कळतो तेव्हा नवल वाटते. लहरीचा खालचा अर्धा भाग कापून टाका. हे काम डायोड करतो. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तो एक झडपेसारखा भाग आहे. खालचा भाग गेला की पुसणारे कुणी उरत नाही. उंच शिखरांची सरासरी जास्त, ठेंगण्या शिखरांची कमी. सरासरी बाह्यरेषेमागून चालू लागते, आणि बाह्यरेषा म्हणजेच आवाज.

डायोडच्या मागे एक कपॅसिटर आणि एक रोध लावतात. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी, रोध म्हणजे तिला पडलेले बारीक छिद्र. प्रत्येक शिखर येते तेव्हा टाकी काठोकाठ भरते. पुढचे शिखर येईपर्यंत छिद्रातून थोडी रिकामी होते. छिद्र मोठे असले तर दोन शिखरांच्या मधल्या वेळातच पातळी कोसळते आणि आवाजात दातेरी कंपने उरतात. छिद्र फारच बारीक असले तर आवाज झपकन खाली येतो तेव्हा टाकी वेळेत रिकामी होत नाही, आणि बाह्यरेषेचा उतार सोडून पातळी आपल्याच संथ उतारावरून घसरत येते. १,००० किलोहर्ट्झला दोन शिखरांत अंतर असते १ मायक्रोसेकंदाचे. साडेचार किलोहर्ट्झच्या आवाजाचे एक कंपन सुमारे २२० मायक्रोसेकंदांचे. टाकीचा वेग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी हवा. १० किलोओहमचा रोध आणि ५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर गुणाकार येतो ५० मायक्रोसेकंद, आणि मध्यम खोलीच्या आवाजाला तो चांगला जमतो.

विद्यार्थीदशेत मी पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळून, एक जर्मेनियम डायोड आणि एक इअरफोन जोडून असा संच केला होता. बॅटरी नाही, विजेची जोडणी नाही. दूरच्या मनोऱ्याने धाडलेल्या लहरीच्याच ताकदीवर इअरफोनचा पडदा हलला आणि माणसाचा आवाज आला. तो क्षण मी विसरलेलो नाही. डायोड जर्मेनियमचा लागतो, कारण तो ०.२ ते ०.३ व्होल्टलाच वीज जाऊ देतो. सिलिकॉनचा नेहमीचा डायोड साधारण ०.६ व्होल्टपर्यंत दार उघडत नाही, आणि दुबळी लहर दाराशीच अडते.

डायोडच्या आधी हे काम खनिजांचे खडे करत. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजावर चालणाऱ्या विद्युतलहरी ओळखणाऱ्या साधनाच्या अमेरिकी पेटंटसाठी १९०१ साली अर्ज केला आणि १९०४ साली ते त्यांना मिळाले. खड्यावर बारीक तार टेकवून नेमकी जागा शोधायची, असे ते तंत्र पुढे घरोघरच्या रेडिओत रुळले. रेडिओवरून माणसाचे बोलणे त्याआधीच एकदा जाऊन आले होते. २३ डिसेंबर १९०० रोजी रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी अमेरिकेत सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या आपल्या सहकाऱ्याला ‘तिकडे बर्फ पडतोय का’ असे बिनतारी विचारले. त्यांच्याकडे सलग वाहक लहर नव्हती, ठिणग्यांची वेगवान माळ होती. त्यामुळे शब्द कळले, पण गोंगाटासकट.

आता जरा खोलात. डायोडने नुसती कापणी केली की आणखी काही? तीन लहरींच्या भाषेत विचारा. अँटेनात ९९८, १,००० आणि १,००२ आल्या. २ किलोहर्ट्झ त्यांच्यात कुठेच नाही, ते बाहेर आले कुठून? डायोडला वाकडी चाल आहे. दुप्पट दाबाला तो दुप्पट वीज देत नाही, उलट्या दाबाला जवळजवळ काहीच देत नाही. अशा वाकड्या चालीच्या भागातून लहरी एकत्र गेल्या की त्यांचा आपापसांत गुणाकार होतो, आणि गुणाकारातून बेरजेच्या आणि वजाबाकीच्या वारंवारता निघतात. १,००२ उणे १,००० बरोबर २. हीच आपली शीळ. पाठवताना गुणाकार, काढून घेतानाही गुणाकार.

केंद्र बदलतानाही रेडिओ हीच विद्या वापरतो. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ साली शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीत संच स्वतः एक लहर तयार करतो, तिचा आलेल्या लहरीशी गुणाकार करतो आणि कोणतेही केंद्र असले तरी ते ४५५ किलोहर्ट्झवर आणून ठेवतो. १,००० किलोहर्ट्झ ऐकायचे तर आतली लहर १,४५५ची. गाळणी मग एकाच वारंवारतेसाठी उत्तम करता येते.

वाहक लहरीत माहिती नाही, मग तिच्यावर एवढी वीज का जाळायची?

हा आक्षेप रास्त आहे. १०० टक्के खोलीच्या शिळेलासुद्धा प्रक्षेपकाच्या शक्तीतला दोन-तृतीयांश वाटा वाहक लहर घेते, उरलेल्या एक-तृतीयांशात दोन्ही साइडबँड. ५० टक्के खोलीला वाहक लहरीचा वाटा जवळपास ८९ टक्के. खरे बोलणे सरासरीने याहूनही उथळ असते. कार्सनसारखा एकच पट्टा पाठवला तर वीज वाचते आणि जागाही निम्मी लागते.

पण डायोडच्या त्या गुणाकाराकडे पुन्हा पाहा. २ मिळाले ते १,००२मधून १,००० वजा झाले म्हणून. वाहक लहर सोबत आलीच नसती तर वजा कशातून करायचे? मग ती लहर रेडिओला स्वतः तयार करावी लागते, आणि ती नेमकी असावी लागते. एका पट्ट्याच्या प्रक्षेपणात ती शेपन्नास हर्ट्झने जरी चुकली, तरी आवाजातली प्रत्येक वारंवारता तेवढी सरकते आणि माणूस भलत्याच सुरात बोलू लागतो. दोन्ही पट्टे पाठवून फक्त वाहक लहर गाळली, तर अट आणखी कडक: रेडिओतली लहर पाव कंपनाने पुढेमागे झाली की आवाज पूर्ण नाहीसा होतो. हे पाव कंपन लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

म्हणून प्रसारणात सौदा झाला तो असा: एका प्रक्षेपकाने जास्त वीज जाळावी आणि लाखो श्रोत्यांचे संच डायोड-कपॅसिटरइतके साधे राहावेत. ज्या काळात हे ठरले त्या काळाचा विचार करता तो सौदा मला शहाणपणाचा वाटतो. वाहक लहर गैरहजर असली की काय होते हे रात्री दूरचे केंद्र ऐकताना कळते. वेगवेगळ्या वाटांनी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतलेल्या लहरी कधी कधी नेमकी वाहक लहर पुसून टाकतात. साइडबँड शाबूत असतात, तरी आवाज चेंबटून फाटतो.

आता त्या गाडीतल्या खरखरीकडे

विद्युत गाडीत बॅटरीची एकदिश वीज मोटरला हवी तशी करून देणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा मोठे प्रवाह चालू-बंद करतो. प्रत्येक झटक्यातून त्या वारंवारतेच्या पटीतल्या लहरी उठतात आणि त्यांतल्या कित्येक मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर, बराच दूर आहे. तिथे पोहोचेपर्यंत हा गोंगाट पुष्कळ क्षीण होतो.

दुसरे कारण अधिक मुळातले. गोंगाट आलेल्या लहरीत मिसळतो आणि तिची उंची बदलतो. एएमचा सगळा निरोप उंचीतच असल्याने डायोडला कळायला मार्गच नाही की ही उंची आवाजाने वाढली की मोटरने. वीज कडाडते तेव्हा रेडिओत ‘कर्रर’ येते ती याच वाटेने. एफएममध्ये निरोप वारंवारतेत असतो. रेडिओ लहरीची उंची आधी कापून सारखी करतो आणि उंचीत शिरलेला गोंगाट त्या कापणीतच बराचसा जातो. ही रुंद पट्ट्याच्या एफएमची पद्धतही आर्मस्ट्राँगचीच, पेटंट १९३३ सालचे.

गोंगाट मुळाशीच रोखता येत नाही का? येतो. तारांना धातूची कवचे घालता येतात, गाळण्या लावता येतात, अँटेना इन्व्हर्टरपासून दूर नेता येतो. त्याला वजन आणि खर्च लागतो. काही कंपन्यांनी तो केला आणि एएम ठेवला. त्यामुळे ‘विद्युत गाडीत एएम शक्यच नाही’ हे म्हणणे बरोबर नाही. विधेयक मांडणाऱ्यांचा मुद्दा आणीबाणीतल्या सूचनांचा आहे: मध्यम लहरींचा एक मनोरा खूप मोठ्या प्रदेशाला पुरतो आणि मोबाइलचे जाळे कोलमडले तरी चालू राहू शकतो.

एएम एवढा नाजूक, तर विमाने अजून त्यावर का बोलतात?

वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आजही एएमवर चालते. जगभरची यंत्रणा बदलणे जिकिरीचे, हे एक कारण आहेच. दुसरे मला जास्त महत्त्वाचे वाटते. एफएममध्ये एकाच वेळी दोघे बोलले तर बलवान लहर दुबळीला गिळते, आणि दुबळा बोलत होता हे कुणाला कळतही नाही. एएममध्ये दोन्ही लहरी रेडिओत येतात आणि त्यांच्या वारंवारतांतल्या फरकाची शीळ ऐकू येते. शब्द कळले नाहीत तरी नियंत्रकाला एवढे कळते की आणखी कुणीतरी बोलते आहे आणि त्याला पुन्हा बोलायला सांगायला हवे.

वाय-फायमध्ये दडलेला एएम

आता ते पाव कंपन. गाळलेल्या वाहक लहरीच्या पद्धतीत रेडिओची लहर पाव कंपनाने हटली तर आवाज नाहीसा होतो, हा दोष होता. अभियंत्यांनी त्यालाच हत्यार केले. एकाच वारंवारतेच्या दोन वाहक लहरी घ्या, एक दुसरीपेक्षा पाव कंपन मागे. दोघींवर वेगवेगळे निरोप गुणा आणि एकत्र सोडा. पलीकडे पहिल्या लहरीने गुणले की पहिला निरोप मिळतो आणि दुसरा आपोआप नाहीसा होतो. दुसरीने गुणले की उलट. एकाच जागेत दोन निरोप.

वाय-फाय आणि मोबाइलमध्ये हेच चालते, फक्त सलग आवाजाऐवजी उंचीच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. प्रत्येक लहरीला १६ पायऱ्या दिल्या तर दोन्ही मिळून १६ × १६, म्हणजे २५६ जोड्या होतात. एका जोडीत ८ बिट मावतात, आणि अशा कित्येक वाहक लहरी शेजारी शेजारी एकदम चालतात. गोंगाट इथेही उंचीच बिघडवतो. पायऱ्या जवळ जवळ असल्या की सातवी पायरी आठवी वाटू लागते. म्हणून राउटरपासून दोन भिंती पलीकडे गेलात की यंत्र पायऱ्या कमी करते: १६च्या ८, ८च्या ४. जोड्या २५६वरून ६४, मग १६वर येतात. हातातल्या फोनवर आपल्याला फक्त चित्र यायला वेळ लागताना दिसतो.